रुग्णाच्या उशाशी बसण्याची परवानगी

भिवंडीत दहावी-बारावीचे निकाल लागले की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला पुढे काय करणार? ज्यांचे सारे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात आणि सुताच्या धुळीत गेले, त्या आई-बापांच्या ओठांवर उत्तरही बहुधा ठरलेले असते : डॉक्टर. या इच्छेत गैर काही नाही. एका जिवाला वाचविणारा जणू समस्त मानवजातीला वाचवितो, असा आशय पवित्र कुरआनने सूरह अल-माइदाच्या 32 व्या आयतीत मांडला आहे. आणि ज्या गावात कामगार आपल्या खोकल्याला रोजच्या जगण्याचाच भाग समजून चालतो, त्या गावाला डॉक्टरांची किती गरज आहे हे सांगायला नको. प्रश्न निराळा आहे. ज्या मुलाने आजवर कोणा आजाऱ्याजवळ तासभरही काढलेला नाही, त्याने आपण डॉक्टर होणार हे कशाच्या आधारे ठरवावे? आणि ते ठरविण्यासाठी तो एखाद्या दवाखान्यात जाऊन बसला, तर तेथील आजारी माणसाचे त्याच्यावर कोणते हक्क आहेत?

आपल्या देशात वैद्यकीय महाविद्यालयाचे दार ‘नीट’ या परीक्षेने उघडते. 720 गुणांची ही परीक्षा दरवर्षी 20 लाखांहून अधिक मुले देतात. तीत पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र विचारले जाते. आजारी माणसाचा हात कधी हातात घेतला आहे का, असे कोणी विचारत नाही. अमेरिकेतील रीत वेगळी आहे. तेथे आधी पदवी घ्यावी लागते, मग वैद्यकीय शाळेचा अर्ज. आणि त्या अर्जात उमेदवाराने डॉक्टरांच्या मागे मागे राहून त्यांचे काम पाहिले आहे का, रुग्णालयात सेवा केली आहे का, हेही पाहिले जाते. आपल्याकडेही 2019 पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याची तरतूद झाली. तरीही हे प्रवेश मिळाल्यानंतरचे झाले. प्रवेशापूर्वी पाहायचे असेल, तर ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसणे हाच मार्ग उरतो, आणि अलीकडे आपल्या घरांतील मुले-मुली सुट्टीत तसे बसू लागली आहेत.

ही पद्धत आपल्या परंपरेला परकी नाही. हकीम राझी यांच्या अध्यापनाचे वर्णन इब्न नदीम यांनी केले आहे. राझींभोवती शिष्यांची वर्तुळे बसत. आलेल्या रुग्णाला आधी बाहेरच्या वर्तुळातील शिष्य पाहत. त्यांना उमगले नाही तर आतील वर्तुळ. आणि त्यांनाही उमगले नाही, तर स्वतः राझी. दहाव्या शतकातील अली इब्न अब्बास अल-मजूसी यांनी तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याने रुग्णालयात सतत हजर राहावे आणि रुग्णाच्या अवस्थेकडे बारकाईने लक्ष द्यावे, असा आग्रहच धरला. त्याही मागे गेलो तर मदीनेची मशीद-ए-नबवी दिसते. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना मशिदीतील तंबूत ठेवण्यात आले, आणि तेथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव सीरत-ग्रंथांनी आदराने जपले आहे. तेव्हा रुग्णाजवळ बसून शिकावे की नाही, याविषयी वाद नाही. वाद आहे तो अटींविषयी. या अटींचा विचार मी पूर्वी केला नव्हता. घरातील एका प्रसंगाने तो करावयास लावला.

माझी भाची बारावीत शिकते. गेल्या सुट्टीत तिने हट्ट धरला, “मामू, मला डॉक्टर व्हायचंय, पण डॉक्टर दिवसभर काय करतात ते मी पाहिलेलंच नाही.” मला तिचे म्हणणे पटले. आमच्या परिचयातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंशी मीच बोललो. त्यांनी आनंदाने होकार दिला, आणि मुलगी रोज सकाळी त्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू लागली. घरी आल्यावर तिच्या चेहऱ्यावर नवेच तेज दिसे. आम्ही सारे खूष होतो.

एके रात्री दस्तरख्वानावर तिने त्या दिवशीची हकिकत सांगितली. एका बाईचे दुःख ऐकून तिचे मन हेलावले होते. तिने नाव घेतले नाही. बाईचा नवरा कोठे काम करतो आणि तिला किती वर्षे मूल नाही, एवढेच ती बोलली. समोर बसलेल्या चाचींनी मात्र तत्काळ ओळखले. आपली वस्ती अशी दाट की भिंतीला भिंत लागून घरे. येथे ओळख पटायला नावाची गरज पडत नाही. आठवड्याभरात ती गोष्ट त्या बाईच्या सासरी पोहोचली. जी तपासणी ती घरच्यांना न सांगता करून घेत होती, तिची चर्चा अंगणात होऊ लागली. ती बाई त्या दवाखान्यात पुन्हा आली नाही. रिक्षाभाडे खर्चून दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली, असे नंतर कळले.

(हे सारे त्या बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. ज्या चुकीविषयी लिहावयाचे, तीच चूक लेखातून पुन्हा घडू नये.)

मुलीला हे समजले तेव्हा ती फार रडली. “मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं,” असे ती वारंवार म्हणत होती. ते खरेच होते. कर्मे हेतूंवर अवलंबून असतात, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सारे जाणतो. परंतु हेतू शुद्ध असल्याने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून निघत नाही. बाण चुकून सुटला तरी जखम खरीच असते. म्हणूनच शरीअतने नकळत झालेल्या अपायाचीही भरपाई सांगितली आहे. तेव्हा प्रश्न केवळ मुलीच्या मनाचा नव्हता. आम्ही वडीलधाऱ्यांनी तिला तेथे बसविताना काय विचार केला होता? खरे सांगायचे तर काहीच नाही. मी डॉक्टरीणबाईंची परवानगी घेतली, मुलीच्या अब्बांची घेतली. जिच्या दुःखाकडे पाहून ती शिकणार होती, तिची परवानगी घ्यावी हे माझ्या मनातही आले नाही.

या ठिकाणी थोडे थांबून विचार केला पाहिजे. डॉक्टर रुग्णाचे शरीर पाहतो, त्याच्या घरातील खाजगी गोष्टी विचारतो. एरवी जे पाहणे आणि विचारणे वर्ज्य, ते त्याला वैध का ठरते? कारण रुग्णाची गरज आहे. फुकहा सांगतात की गरजेमुळे जी सवलत मिळते, ती गरजेपुरतीच असते. डॉक्टरनेही जेवढे आवश्यक तेवढेच पाहावे. आता कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेल्या मुलीचा विचार करा. तिच्या तेथे असण्याने रुग्णाची कोणती गरज भागते? कोणतीच नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याबाबत निदान असे म्हणता येते की त्याचे शिकणे ही समाजाची गरज आहे, आणि त्याच्यावर संस्थेचे नियम व शिक्षकांची देखरेख असते. ज्याला अजून प्रवेशही मिळालेला नाही, त्याची गरज केवळ त्याची स्वतःची आहे. आपल्या गरजेसाठी दुसऱ्याच्या खाजगी दुःखात प्रवेश करावयाचा असेल, तर तो त्या दुसऱ्याच्या मेहरबानीनेच होऊ शकतो, हक्काने नव्हे.

सूरह अन-नूरच्या 27 व 28 व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात शिरण्याचे शिष्टाचार सांगितले आहेत. परवानगी घ्यावी, सलाम करावा, आणि परत जा असे सांगितले गेले तर मनात किंतु न ठेवता परत फिरावे. मला वाटते, आजारी माणसाची खोली हेही एक घरच आहे, आणि त्याला दगडविटांच्या भिंतीही नाहीत. आजाराने त्या पाडून टाकलेल्या असतात. धडधाकट माणूस दार लावून घेऊ शकतो. रुग्णाला ते जमत नाही. म्हणून त्याच्या दाराशी परवानगी मागण्याची जबाबदारी अधिक मोठी होते.

कोणी म्हणेल, “डॉक्टर विचारतातच, आणि रुग्ण हो म्हणतात.” आमच्या प्रकरणातही विचारले गेले होते. डॉक्टरीणबाई त्या बाईला म्हणाल्या होत्या, “ही मुलगी शिकायला बसलीय, चालेल ना?” आणि बाईने मान हलविली होती. पुढे मुलगी आपल्या अम्मीबरोबर क्षमा मागायला गेली, तेव्हा ती बाई एवढेच बोलली, “त्या दिवशी तुला बाहेर जा म्हणायचं होतं. पण डॉक्टरीणबाईंसमोर म्हणता आलं नाही.” या एका वाक्यात संमतीचा सारा प्रश्न आला आहे. ज्याच्या हाती आपले औषध, त्याला नाही म्हणणे गरिबाला अवघड जाते. कोणाचा माल त्याच्या मनाच्या खुषीशिवाय घेणे वैध नाही, असे हदीसमध्ये आले आहे. डोळ्यांची भीड किंवा दबाव म्हणजे खुषी नव्हे. मालाबाबत जर ही काळजी, तर अब्रूबाबत किती असावी! म्हणून परवानगी विचारताना शिकणारा तेथे समोर नसावा. बाहेर, नोंदणीच्या जागी, कोणी शांतपणे विचारावे, आणि ‘नाही’ म्हटल्याने उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही हे सांगावे. शरीर उघडे करण्याची तपासणी असेल, तर अशा मुलांनी विचारण्याचीही वाट न पाहता उठून बाहेर जावे.

दुसरी अट गुपिताची. एखादा माणूस आपल्याशी बोलताना इकडे-तिकडे पाहतो, तेव्हा त्याचे ते बोलणे अमानत ठरते, असा आशय अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांतील हदीसमध्ये आहे. ‘कोणाला सांगू नकोस’ असे त्याने म्हणायचीही गरज नाही. त्याची नजरच पुरेशी आहे. दवाखान्यात बसलेला प्रत्येक रुग्ण अशीच नजर टाकीत असतो. भारतातील डॉक्टरांसाठी 2002 साली केलेल्या आचारनियमांतही रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन आहे. शिकाऊ मुलावर तो नियम कदाचित लागू होत नसेल, परंतु अमानतीचा नियम त्याच्यावर लागू होतोच. आणि अमानत म्हणजे केवळ नाव न घेणे नव्हे. ऐकणाऱ्याला ओळख पटू शकेल असे काहीही न सांगणे म्हणजे अमानत. भिवंडीसारख्या गावात याचा अर्थ सरळ आहे : दवाखान्यातील गोष्ट दस्तरख्वानावर येता कामा नये. आम्हा वडीलधाऱ्यांनीही ‘आज काय पाहिलंस?’ असे विचारू नये. ‘आज काय शिकलीस?’ असे विचारावे. या दोन प्रश्नांत मोठे अंतर आहे.

झालेल्या चुकीचे प्रायश्चित्त कसे करावे, हाही प्रश्न आमच्यापुढे आला. ज्याच्या पाठीमागे बोलले गेले, त्याला जाऊन सांगावे का, याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते त्याची क्षमा मागितल्याशिवाय सुटका नाही. काही म्हणतात, त्याला काही कळलेलेच नसेल तर सांगून नवे दुःख देऊ नये; तौबा करावी, त्याच्यासाठी दुआ करावी, आणि जेथे उणे बोललो तेथे त्याचे चांगले बोलावे. आमच्या बाबतीत गोष्ट त्या बाईपर्यंत पोहोचलेलीच होती. इतकेच नव्हे, तर तिचा संशय डॉक्टरीणबाईंवर होता. तेव्हा गप्प राहणे म्हणजे एका निर्दोष व्यक्तीवर आळ राहू देणे ठरले असते. म्हणून मुलगी गेली. बाईने तिला पाणी दिले. माफ केले की नाही, ते स्पष्ट बोलली नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. क्षमा मागणे आपल्या हाती असते. ती वसूल करणे नसते.

तिसरी अट मर्यादेची. सुट्टीत चार दिवस बसलेल्या मुलाला सुई धरायला दिली, रक्तदाब मोजायला लावला, तर त्याला फार आनंद होतो. आणि वडीलही अभिमानाने सांगतात. धोका तेथेच सुरू होतो. डॉक्टरांच्या हाताखाली थोडे पाहून पुढे गल्लीबोळांत बिनदिक्कत इंजेक्शन टोचणारे लोक आपल्या वस्त्यांनी पाहिले आहेत. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील, तो झालेल्या हानीला जबाबदार धरला जाईल, अशी स्पष्ट शिकवण हदीसमध्ये आहे. देशाचा कायदाही नोंदणीकृत डॉक्टरशिवाय कोणाला उपचाराची मुभा देत नाही. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, असे सूरह बनी इस्राईलच्या 36 व्या आयतीत बजावले आहे, आणि त्याच ठिकाणी कान, डोळे व हृदय यांचा जाब घेतला जाईल असेही सांगितले आहे. शिकाऊ मुलाच्या वाट्याला हेच तिन्ही येतात : कान, डोळे आणि हृदय. हात अजून येत नाहीत.

मागे मागे राहून शिकण्याविषयी कुरआनात एक विलक्षण कथा आहे. सूरह अल-कहफमध्ये (आयत 60 ते 82) हजरत मूसा (अलै.) हे अल्लाहच्या एका ज्ञानी बंद्याला, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणून ओळखतो, विनंती करतात की मला तुमच्याबरोबर येऊ द्या आणि तुम्हाला मिळालेल्या ज्ञानातून शिकवा. प्रेषित असूनही मूसा (अलै.) शिष्याच्या नम्रतेने परवानगी मागतात. त्यांना अट घातली जाते ती सब्रची : मी स्वतः सांगेपर्यंत विचारू नका. रुग्णासमोर शिकणाऱ्याने मौन पाळावे, हा धडा येथून घेता येतो. परंतु कथेचा दुसरा भागही विसरू नये. खिज्र जे करीत होते, ते अल्लाहच्या आज्ञेने करीत होते. कोणताही डॉक्टर खिज्र नाही. म्हणून शिकाऊ मुलाला काही चुकीचे दिसले, रुग्णाशी उद्धटपणे बोलले गेले, तर ते ‘असेच असते’ म्हणून शिकून घेऊ नये. रुग्णासमोर बोलू नये. नंतर अदबीने विचारावे. जे डोळे चूक पाहण्याचे सोडून देतात, ते काही वर्षांनी स्वतः तीच चूक करू लागतात.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. माझ्या भाचीला खुर्ची मिळाली, कारण मामूची ओळख होती. रात्रपाळीत माग चालविणाऱ्याच्या मुलाने कोणाकडे जावे? रुग्णाजवळ बसणे जर डॉक्टर होण्याची पहिली पायरी असेल, तर ती केवळ ओळखीच्यांना मिळावी हा अन्याय नव्हे का? यावर विचार करताना मला जाणवले की प्रेषितांनी (स.) ही पायरी प्रत्येकासाठी उघडी ठेवली आहे. तिचे नाव इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस. कियामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो, तू का आला नाहीस. आणि बंदा गोंधळला असता त्याला सांगितले जाईल की अमुक माणूस आजारी होता, तेथे गेला असतास तर मला तेथे पावला असतास, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. इयादतला ओळखीची चिठ्ठी लागत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या चाचांना इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात नेणे, रांगेत उभे राहणे, केसपेपर काढणे, गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते समजावून सांगणे, ठाण्याला किंवा मुंबईला पाठविले तर सोबत जाणे, रात्री उशाशी जागणे. 2020 च्या महामारीत शांतीनगरच्या मक्का मशिदीचा एक भाग ऑक्सिजनची गरज असलेल्या रुग्णांसाठी, धर्म न विचारता, खुला करण्यात आला होता. अशा ठिकाणी जे तरुण राबतात, ते काही पाहायला आलेले नसतात, रुग्णाच्या कामी यायला आलेले असतात. म्हणूनच त्यांना जे दिसते, ते कोपऱ्यातील खुर्चीवरून दिसत नाही.

शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण आठवते. त्यांचे दहा दिवसांचे बाळ योग्य उपचाराअभावी गेले. त्या वेळी त्या अवघ्या 14 वर्षांच्या होत्या. 1886 साली त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. आपल्या अंथरुणावर सोसलेल्या दुःखाने त्यांना त्या वाटेवर नेले. सर्वांच्या वाट्याला तसे दुःख येऊ नये. पण दुसऱ्याच्या दुःखाजवळ काही काळ सेवेच्या भावनेने राहिल्याशिवाय हा मार्ग धरू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे.

माझ्या भाचीची सुट्टी तेथेच संपली नाही. तिने डॉक्टरीणबाईंना सारे खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, “आता काही दिवस आत नको. बाहेर बस.” बाहेरच्या बाकड्यावर ज्यांना वाचता येत नाही अशा बायकांना ती औषधांच्या चिठ्ठ्या समजावून सांगू लागली, लहान मुलांना सांभाळू लागली, पाणी देऊ लागली. घरी येऊन ती आता काही सांगत नाही. एकदा मी विचारले, “काय शिकलीस?” ती म्हणाली, “मामू, आत बसले होते तेव्हा मला आजार दिसत होते. बाहेर माणसं दिसली.” डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय मात्र कायम आहे, आणि मला वाटते, तो आता अधिक पक्का आहे, कारण या कामात काय मोडू शकते हे तिने पाहिले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना अवश्य रुग्णांजवळ पाठवा. विशेषतः मुलींना पाठवा. आपल्या आया-बहिणींना स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे. परंतु पाठविण्यापूर्वी त्यांना सांगा की रुग्ण हा पुस्तकाचे पान नाही. तो यजमान आहे आणि तुम्ही त्याच्या घरी पाहुणे आहात. तो नाही म्हणाला तर परत फिरा. जे पाहाल ते अमानत समजा. जे येत नाही त्याला हात लावू नका. आणि घेण्याआधी काही द्या : एक ग्लास पाणी, रांगेतील एक जागा, एक दुआ. अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो, त्यांच्या हातांत शिफा देवो, आणि त्यांच्या जिभेला इतरांच्या अब्रूचे रक्षण करण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.